घर आणि समाज : चोराचा हात कोणी धरावा?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा घरच्याच अडचणी असतात : मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचे दुखणे, महिन्याच्या खर्चाची तोंडमिळवणी. गेल्या महिन्यात बडोद्याहून आलेल्या एका पत्रातील अडचण मात्र घराबाहेर, एका दुकानाच्या दारात, उत्पन्न झालेली आहे. तिचा वाद घरात चालू आहे, आणि तो मिटविण्यास आपण मदत करावी अशी पत्रलेखिका भगिनींची अपेक्षा आहे.

त्यांची धाकटी कन्या बावीस वर्षांची. पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ती एका मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम करू लागली. धान्य, कपडे, भांडी, साबण असे सर्व काही एका छपराखाली मिळावे आणि ग्राहकाने आपल्या हातानेच माल उचलून टोपलीत घालावा, अशा पद्धतीचे ते दुकान आहे. एके दिवशी संध्याकाळी, चांगल्या पोशाखातील एका गृहस्थाने बदामाची दोन पाकिटे जाकिटाच्या आत सरकवलेली तिने पाहिली. तो गृहस्थ पैसे देण्याच्या काउंटरकडे न जाता सरळ दाराकडे निघाला. मुलगी धावली, दारात तिने त्याची बाही धरली आणि बिल दाखवा म्हणून सांगितले. त्याने तिला जोराने ढकलले. ती पायरीवर पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. गृहस्थ बदामांसह गर्दीत नाहीसा झाला.

दुकानाच्या व्यवस्थापकांनी तिला दवाखान्यात पाठविले खरे, परंतु त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा : "तुला मध्ये पडायला कोणी सांगितले होते?" याच व्यवस्थापकांनी दोन महिन्यांपूर्वी, मोजदादीत माल कमी भरला म्हणून, त्या विभागातील चारही मुलींच्या पगारातून प्रत्येकी सहाशे रुपये कापून घेतले होते.

आता घरात दोन पक्ष पडले आहेत. वडील म्हणतात, "ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या मालाची राखण करणे हा धर्मच आहे, पोरीने योग्य तेच केले." थोरला मुलगा म्हणतो, "दुसऱ्याच्या बदामासाठी आपले हाड मोडून घेणे याला शहाणपण म्हणत नाहीत." मुलगी काहीच बोलत नाही. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा त्याच दुकानात जावे की नाही, हे तिला ठरवायचे आहे. भगिनींनी शेवटी विचारले आहे : "तिने कर्तव्य केले की आगाऊपणा?"

प्रश्न एका मुलीचा असला तरी तो तिच्यापुरता नाही. आज लहानमोठ्या प्रत्येक शहरात हजारो तरुण-तरुणी अशा दुकानांतून उभे राहून काम करीत आहेत. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरातील कोणी ना कोणी त्यांत असेल. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, चोरीची ही रीत दुकानाच्या नव्या मांडणीबरोबर वाढलेली आहे. जुन्या वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे आणि माल फळीच्या पलीकडे असे. डाळ असो की साबणाची वडी, ती दुकानदाराच्या हातूनच गिऱ्हाइकाच्या हातात पडे, आणि पडण्यापूर्वी तिची किंमत वहीत किंवा गल्ल्यात जमा होई. ही फळी काढून टाकण्याचा प्रयोग १९१६ साली अमेरिकेतील मेंफिस शहरात 'पिगली विगली' नावाच्या दुकानाने केला. आत येणाऱ्याने टोपली घ्यावी, हवा तो माल स्वतः उचलावा आणि बाहेर पडताना एकाच ठिकाणी पैसे द्यावे, अशी ती योजना होती. पुढे ही पद्धत जगभर पसरली आणि आपल्याकडेही आता ती चांगलीच रुळली आहे.

या पद्धतीत मालकाचा मोठा लाभ आहे. नोकर कमी लागतात. शिवाय डोळ्यांसमोर माल मांडलेला असला की ग्राहक ठरविल्याहून अधिक घेतो. परंतु त्याबरोबर एक जोखीमही ओघानेच येते. पूर्वी फळी जे राखणीचे काम करीत असे, ते आता माणसाच्या नजरेवर येऊन पडले आहे. जो मालक मोकळ्या मांडणीचा नफा घेतो, त्यानेच तिची जोखीमही घ्यावी, हा व्यवहाराचा साधा न्याय आहे. नफा तिजोरीत आणि जोखीम मात्र विक्रेतीच्या मनगटावर, ही वाटणी न्यायाची नव्हे.

तथापि दुकानदाराची बाजू हलकी लेखून चालणार नाही. नव्वद रुपयांना घेतलेली वस्तू शंभराला विकणाऱ्या दुकानदाराची अशी एक वस्तू चोरीस गेली, तर ते नव्वद रुपये भरून काढण्यासाठी त्याला तशाच नऊ वस्तू विकाव्या लागतात, आणि त्या नऊ विक्रींचे श्रम फुकट जातात. गल्लीतील लहान दुकानदाराला हा फटका सोसत नाही. मोठ्या दुकानात तो शेवटी भावावर चढतो आणि प्रामाणिक ग्राहकांच्या खिशातून जातो. तेव्हा "श्रीमंत मालकाचे दोन डबे गेले तर काय बिघडले?" असे जे सहज बोलले जाते, ते बरोबर नाही. चोरी ती चोरीच. प्रश्न एवढाच आहे की, ती थांबविण्यासाठी कोणी, कोठवर आणि कोणत्या किमतीला पुढे व्हावे?

याविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू; कारण "चोराला धरण्याचा अधिकार सर्वांना आहे" अशी एक ढोबळ समजूत सर्वत्र आढळते. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे, दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून नेण्याच्या अप्रामाणिक हेतूने जागची हलविणे ही चोरी होय. तिला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु याच कलमात एक नवी तरतूद आहे. वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे ते कलम सांगते.

आता अटकेचे पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्या माणसाला साधा नागरिकही पकडू शकतो. मात्र त्याने पकडलेल्या माणसाला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. पाच हजार रुपयांखालची, समाजसेवेच्या शिक्षेस पात्र असलेली पहिली चोरी ही अदखलपात्र व जामीनपात्र गणलेली आहे. दारात उभ्या असलेल्या विक्रेतीला समोरच्या माणसाची ही पहिली चोरी आहे की दहावी, हे कसे कळावे? बदामाची दोन पाकिटे पाच हजारांची तर नसतात. म्हणजे ज्या अधिकाराच्या भरवशावर तिने बाही धरली, तो तिला आहे की नाही, हेच मुळात संशयाचे ठरते. आणि चुकून निर्दोष माणसाला अडविले किंवा खोलीत बसवून ठेवले, तर बेकायदा अडविणे (कलम १२६) आणि डांबून ठेवणे (कलम १२७) हे उलट तिच्यावरच येऊ शकते.

आपल्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे चोरीपासून रक्षण करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु त्याला मर्यादा आहे : रक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तेथे तो हक्क चालत नाही. शिवाय तो हक्क आहे, कर्तव्य नव्हे. विक्रेतीने चोराशी झुंजावे, असे कोणताही कायदा तिला सांगत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माल घेऊन सटकू पाहणाऱ्याने वाट मोकळी करण्यासाठी कोणाला इजा केली, तर ती नुसती चोरी राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती जबरी चोरी होते आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे गुन्हा दारातील त्या एका क्षणात कितीतरी पटींनी मोठा झाला. ज्या गृहस्थाने बदाम जाकिटात लपविले, तो बहुधा कोणाला मारण्यासाठी आलेला नव्हता. लपूनछपून चोरी करणारा माणूस वाट अडली आणि चारचौघांत उघडा पडला, की भीतीने काय करील याचा नेम नसतो. त्याच्या खिशात काय आहे, त्याच्या बरोबर बाहेर कोण उभे आहे, हे विक्रेतीला ठाऊक नसते. चोरीपेक्षा ही झटापटच अधिक भयंकर आहे, आणि ती टाळणे बहुतांशी आपल्या हाती असते.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. काही दिवसांपूर्वी या विषयावरील एका इंग्रजी मजकुराचे भाषांतर करीत असता, दुकानातून माल लांबविणाऱ्यासाठी सुटसुटीत मराठी शब्द मी शोधीत होतो. लेखणीवर सहज 'उचल्या' हा शब्द आला, आणि तेथेच लेखणी थांबली. हा शब्द आपण एका कृत्यासाठी वापरतो. परंतु तो एका संपूर्ण जमातीलाही चिकटविला गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरविले. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या नजरेतून तो तेवढ्याने गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले, आणि पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जन्माने कपाळी आलेल्या या शिक्क्याचे दुःख ज्यांना समजून घ्यावयाचे आहे, त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

दुकानातील नोकराला "चोर ओळख" असे सांगितले की तो काय पाहतो? मळके कपडे, अनवाणी पाय, अनोळखी बोली. बडोद्याच्या त्या प्रसंगातील गृहस्थ चांगल्या पोशाखात होता, हे विसरू नये. संशयाची नजर कपड्यांवर खिळली की खरा चोर सुटतो आणि गरीब माणूस भरडला जातो. एकदा "चोर, चोर" असा पुकारा झाला की पुढचे कोणाच्याच हाती राहत नाही. केरळातील अट्टप्पाडी येथे २०१८ च्या फेब्रुवारीत दुकानांतून खाण्याचे जिन्नस चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला जमावाने जंगलातून धरून आणले, त्याचे हात बांधले आणि मारहाण केली. त्या मारहाणीत त्याचा अंत झाला. काहींनी त्याही वेळी त्याच्याबरोबर स्वतःची छायाचित्रे काढली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये मन्नारकाड येथील विशेष न्यायालयाने चौदा जणांना दोषी ठरविले आणि त्यांतील तेरा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. मूठभर तांदळाच्या संशयापायी एक जीव गेला आणि तेरा घरांतील माणसे तुरुंगात गेली. त्यांच्यापैकी कोणी त्या दिवशी सकाळी खून करण्याच्या विचाराने घराबाहेर पडला असेल, असे मला वाटत नाही.

परदेशांतही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडले आहे असे नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत दुकानदाराला वाजवी संशय असल्यास, वाजवी रीतीने आणि वाजवी वेळेपुरते एखाद्याला थांबविण्याची मुभा आहे. तरीही तेथील कित्येक मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना चोराच्या मागे जाण्यास सक्त मनाई करतात. २०२३ साली जॉर्जिया राज्यातील एका प्रसिद्ध कपड्यांच्या दुकानातील दोन कर्मचारी स्त्रियांना, चोरट्यांना हटकून त्यांच्यामागे गेल्याबद्दल कामावरून काढण्यात आले आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. मनाई योग्य होती असे मी म्हणेन. परंतु क्षणाच्या आवेगात धावलेल्या माणसाची भाकरी काढून घेणे मला योग्य वाटत नाही. स्कॉटलंडने २०२१ साली निराळी वाट धरली. दुकानातील कर्मचाऱ्यावर हल्ला करणे, त्याला धमकावणे किंवा शिवीगाळ करणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. कर्मचाऱ्याने मालाचे रक्षण कसे करावे याआधी, कर्मचाऱ्याचे रक्षण समाजाने कसे करावे, हा विचार त्यामागे आहे.

मग विक्रेत्याने डोळे मिटून घ्यावेत काय? मुळीच नाही. अडविणे आणि दुर्लक्ष करणे यांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे. ती मला प्रथम दाखविली आमच्या तालुक्याच्या गावातील एका वाण्याने. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. शाळेच्या वाटेवरील त्या दुकानात वह्या-पेन्सिलीही मिळत. एक सुवासिक खोडरबर मी मुठीत धरून खिशात घातला. अण्णा समोर साखर तोलीत होते. तराजूवरची नजर न काढता ते म्हणाले, "खोडरबर खात्यावर मांडू, की आता देतोस पैसे?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती; त्यांना यात काही वावगे वाटले नाही. मी खोडरबर काढून फळीवर ठेवला आणि "नको, अण्णा" एवढेच म्हणालो. त्यांनी तो उचलून डब्यात टाकला आणि साखरेची पुडी बांधू लागले. घरी त्यांनी हे कधी सांगितले नाही. मीही त्यानंतर कोणाच्या दुकानातून काही उचलले नाही.

अण्णा मालक होते आणि मला ओळखत होते, हे खरे. मोठ्या दुकानातील विक्रेतीला रोज शेकडो अनोळखी माणसे भेटतात आणि निर्ढावलेला चोर एका प्रश्नाने सुधारत नाही, हेही खरे. तरी अण्णांच्या त्या वाक्यात जी युक्ती होती, ती मोठ्या दुकानातही चालते. माल अजून दुकानात आहे, माणूस अजून दुकानात आहे, अशा वेळी जवळ जाऊन नम्रपणे "काही मदत हवी का?" किंवा "हे सामान काउंटरवर नेऊन ठेवू का?" एवढे विचारावे. 'आपल्याकडे कोणी पाहत आहे' हे कळले की डळमळीत मनाचा माणूस बहुधा वस्तू परत ठेवतो. त्याला परतीची वाट मिळते. आणि आपला संशय खोटा असेल, तर कोणाचा अपमानही होत नाही. खऱ्या ग्राहकाला ती मदतच वाटते.

एवढ्याने काम झाले नाही आणि माणूस दाराकडे निघाला, तर विक्रेतीचे काम तेथे संपते. तिने आपल्या वरिष्ठाला किंवा दारावरील रक्षकाला खूण करावी; माणसाचा चेहरा, कपडे, वेळ आणि वस्तू लक्षात ठेवून लगेच लिहून काढावी; गरज वाटल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. अंगाला किंवा पिशवीला हात लावू नये. 'चोर' हा शब्द मोठ्याने उच्चारू नये. एकटीने वाट अडवू नये, आणि दाराबाहेर तर एक पाऊलही टाकू नये. संशयित स्त्री असेल तर तिच्याशी स्त्रीनेच बोलावे. लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना बोलवावे. बाल न्याय कायदा (२०१५) अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवू देत नाही, आणि बाल न्याय मंडळाला उपदेश किंवा ताकीद देऊन त्याला घरी पाठविण्याचीही मुभा देतो. कायद्याला जे समजते, ते दुकानातील मागच्या खोलीत मुलाचे कान पिळणाऱ्याला समजू नये काय?

आता मालकांविषयी. कर्मचाऱ्याने काय करावे आणि काय करू नये, हे त्यांनी लेखी सांगितले पाहिजे. लहान आणि महाग वस्तू काउंटरजवळ ठेवणे, कोपऱ्यांत आरसे व कॅमेरे बसविणे, गर्दीच्या वेळी एका विभागात एकाहून अधिक माणसे ठेवणे, दारावर शिकविलेला रक्षक नेमणे, हे सारे उपाय त्यांच्या हाती आहेत. यांतील एकही न करता मोजदादीत तूट आली की मुलींच्या पगाराला कात्री लावणे, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक आहे. मोजदादीत माल कमी भरला म्हणजे तो सारा ग्राहकांनीच चोरला, असेही नसते. मोजण्यातील चूक, बिलातील चूक, फुटतूट, गोदामातील हेराफेरी असे सर्व काही त्या एका आकड्यात दडलेले असते.

आणि अशी कपात कायद्यालाही मान्य नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अमलात आली आहे. मालाच्या नुकसानीबद्दल पगारातून पैसे कापावयाचे, तर तो माल त्या कामगाराच्याच ताब्यात स्पष्टपणे सोपविलेला असला पाहिजे. नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. आणि कपात नुकसानीहून अधिक असता कामा नये. पूर्वीच्या १९३६ च्या वेतन कायद्यातही हेच तत्त्व होते. चौघींवर सरसकट सहाशे रुपये बसविणे यांतील कोणत्याच कसोटीला उतरत नाही.

बडोद्याच्या मुलीला दाराकडे कोणी ढकलले, याचा उलगडा माझ्या मते येथे होतो. वडिलांना वाटते तशी ती केवळ मालकाच्या मिठाला जागून धावली असेल. तिच्या स्वभावातील धैर्यही त्यात असेल. परंतु पुढच्या महिन्यात आणखी सहाशे रुपये जाऊ नयेत, ही भीतीही तिच्या पायांत असलीच पाहिजे. एका हाताने पगार कापावयाचा आणि दुसऱ्या हाताने "मध्ये कशाला पडलीस?" म्हणून बोट दाखवावयाचे, अशा ठिकाणी नोकराने वागावे तरी कसे?

तेव्हा पत्रलेखिका भगिनींना माझे उत्तर असे. आपल्या कन्येने काहीही लाजिरवाणे केलेले नाही, हे तिला घरातील प्रत्येकाने, विशेषतः तिच्या भावाने, स्पष्ट शब्दांत सांगावे. तिच्या वडिलांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते की, मिठाला जागणे म्हणजे नजर जागी ठेवणे, हिशेब चोख ठेवणे आणि खरे ते सांगणे. हाड मोडून घेणे त्यात येत नाही. पगाराच्या बदल्यात मालकाने तिचे श्रम घेतले आहेत, तिचे शरीर नव्हे. तिने पुन्हा कधी चोराची बाही धरू नये. मात्र तिने पाहिले, ओळखले आणि ती गप्प बसली नाही, याबद्दल तिची मान खाली जाण्याचे कारण नाही.

कामावर परतण्यापूर्वी तिने तीन गोष्टी लेखी मागाव्यात. दुखापत कामावर असताना झाली, तेव्हा औषधोपचाराच्या खर्चाचे आणि प्लास्टरच्या दिवसांतील पगाराचे काय? राज्य कामगार विमा योजनेत तिचे नाव असेल तर त्याचे लाभ तिला मिळवून देण्याची खटपट लगेच सुरू करावी. कापलेल्या सहाशे रुपयांचा आधार काय? आणि यापुढे अशा प्रसंगी कर्मचाऱ्यांनी नेमके काय करावयाचे? उत्तर मिळाले नाही, तर कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज करता येतो. चौघींनी मिळून तो केला तर अधिक बरे. तिने त्या दुकानात परतावे की नाही, हे या तीन प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरांवरून तिलाच ठरवू द्यावे.

शेवटी आपणा सर्वांविषयी दोन शब्द, कारण आपण सारेच ग्राहक आहोत. दारावरील रक्षकाने बिल पाहावयास मागितले तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत. तो आपले काम करीत असतो आणि ते बहुधा तुटपुंज्या पगारावर करीत असतो. आपल्या लहानग्याच्या खिशात न घेतलेली एखादी गोळी किंवा खेळणे घरी आल्यावर सापडले, तर हसण्यावारी न नेता दुसऱ्या दिवशी त्याला बरोबर घेऊन ते परत करावे. दुकानात "चोर, चोर" अशी हाक ऐकू आली तर त्या घोळक्यात सामील होऊ नये, फोन काढून कोणाचे चित्र टिपू नये. पोलीस येईपर्यंत त्या माणसाला कोणी मारू नये, एवढे मोठ्याने सांगणारे एखादे वडीलधारे माणूस त्या ठिकाणी असले, तर पुष्कळ अनर्थ टळतो. ते माणूस आपणच का असू नये?

वाचकांपैकी जे स्वतः दुकानात काम करतात किंवा दुकान चालवितात, त्यांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत. आपल्या दुकानात याविषयी काही नियम आहे काय, आणि तो प्रत्यक्षात कसा चालतो, हे वाचण्यास बडोद्याच्या त्या घरातील मंडळी उत्सुक असतील.